खिशातला साधा टॉर्च आणि न फडफडणारा मंद उजेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडे याला अजून ‘बॅटरी’ म्हणतात आणि आत घालतात तो ‘सेल’. शाळेच्या पुस्तकात ‘विजेरी’ होती, ती पुस्तकातच राहिली. इथे सरळ टॉर्च म्हणू या. रोज खिशात राहील असा एकच टॉर्च घ्यायचा आहे आणि तो मंद केला तरी उजेड स्थिर हवा, एवढ्यापुरतं हे पान आहे. डोंगरापलीकडे झोत फेकणारे आणि दाखवण्यासाठी विकत घ्यायचे टॉर्च यात नाहीत.

मोबाइलमध्ये टॉर्च असताना वेगळा कशाला?

वर्षातून चारदा लागत असेल तर नकोच. पण मीटरबॉक्समधला फ्यूज बघताना मोबाइल दातात धरता येत नाही. पावसात तो बाहेर काढवत नाही, आणि लाइट गेल्यावर नेमका त्याच वेळी तो फोन करायलाही हवा असतो. मोबाइलच्या उजेडाला झोत नसतो. पाच-सात पावलांपुढे तो विरून जातो.

फडफड म्हणजे काय? माझा टॉर्च तर अगदी स्थिर दिसतो.

मलाही तसंच वाटायचं. एकदा लोडशेडिंगमध्ये गावच्या हातपंपावर टॉर्च मंद करून कळशी भरत होतो. पाण्याची धार धारेसारखी दिसेना. हवेत मणी ओवल्यासारखे सुटे थेंब दिसत होते. पाणी नेहमीसारखंच पडत होतं, खोट उजेडात होती.

एलईडी मंद करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे तिला जाणारा प्रवाहच कमी करायचा. नळ अर्धा फिरवल्यावर धार बारीक होते, तसं. दुसरी म्हणजे प्रवाह पूर्णच ठेवायचा, पण सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करायचा. एकूण वेळेच्या दहावा हिस्सा चालू ठेवला की सरासरी उजेड दहावा हिस्सा होतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. डोळा आणि मेंदू मिळून सरासरी काढतात, म्हणून भिंतीवरचा उजेड स्थिर वाटतो. पण काही हललं, पाणी, पंखा, आपला हात किंवा नुसती नजर, की तुकडे दिसू लागतात.

म्हणजे फडफड असते ती मंद उजेडात. ‘हाय’वर एलईडी बहुतेक वेळा सलग चालूच असते. दुकानदार ‘हाय’ लावून दाखवतो आणि आपण खूश होऊन घरी येतो. रोजच्या वापरातला बहुतेक वेळ मात्र ‘लो’वर जातो. म्हणून माझा नियम असा, की टॉर्च पारखायचा तो त्याच्या सगळ्यात मंद उजेडापासून. जोरात तर कुठलाही पेटतो.

मग कंपन्या असं का करतात?

स्वस्त पडतं म्हणून. साध्या टॉर्चच्या आतल्या गोल सर्किटवर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, बरेचदा ७१३५ नावाची चिप असते. ती एलईडीला साधारण ३५० मिलिअँपिअर देते किंवा काहीच देत नाही. मधली पायरी तिला माहीत नाही. मग मधले मोड काढायचे तर तिची उघडझाप करणं आलं. प्रवाहच कमी करणाऱ्या ड्रायव्हरला, म्हणजे ‘कॉन्स्टंट करंट’वाल्याला, जास्त भाग आणि जास्त डोकं लागतं.

पीडब्ल्यूएमच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. एलईडी प्रत्येक वेळी पूर्ण प्रवाहावरच पेटत असल्याने मंद उजेडातही तिचा रंग बदलत नाही. प्रवाह अगदी कमी केला की काही एलईडी किंचित हिरवट दिसतात. मला तो हिरवटपणा चालतो, मण्यांची माळ चालत नाही.

सेलच्या हिशेबानेही कॉन्स्टंट करंट बरा. एलईडीला जितका जास्त प्रवाह, तितकी दर वॅटमागे उजेडाची पैदास कमी. पीडब्ल्यूएममध्ये ती मंद उजेडातही त्या महागड्या प्रवाहावरच चालते. कमी प्रवाहावर चालवली तर त्याच सेलमध्ये ‘लो’ जास्त तास मिळतो.

डोळ्यांना खरंच त्रास होतो का?

माणसागणिक वेगळं. काहींना दोन मिनिटांत कपाळ जड होतं, काहींना आयुष्यभर पत्ता लागत नाही. अर्धशिशी असलेल्यांनी मात्र हा प्रश्न बाजूला टाकू नये.

आकडा हवा असेल तर आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची एलईडीच्या फडफडीवर २०१५ साली निघालेली शिफारस आहे, क्रमांक १७८९. तिचा गाभा असा, की फडफड जितकी संथ, तितका उजेडाचा चढउतार कमी हवा. सेकंदाला १०० वेळा उजेड कमीजास्त होत असेल, तर कमी धोक्यासाठी चढउतार ८ टक्क्यांच्या आत ठेवावा. टॉर्चमधला पीडब्ल्यूएम तर पूर्ण विझून पुन्हा पेटतो, म्हणजे चढउतार १०० टक्के. त्यासाठी वेग किमान १२५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२५० वेळा, लागतो, आणि अगदी निर्धास्त राहायचं तर ३००० हर्ट्झच्या वर. दोनशे-अडीचशे हर्ट्झवर चालणारा स्वस्त टॉर्च या मापात कुठेच बसत नाही.

दुसऱ्या बाजूने, पंधरा-वीस हजार हर्ट्झवर चालणारा पीडब्ल्यूएम असेल तर डोळ्यांच्या नावाने तक्रार करायला जागा नाही. ‘पीडब्ल्यूएम’ शब्द दिसला की नाक मुरडू नका, वेग विचारा.

दुकानात उभ्याउभ्या ओळखायचं कसं?

सगळ्या चाचण्या मंद आणि मधल्या मोडवर करायच्या. ‘हाय’वर केलेली चाचणी फुकट.

मोबाइलचा कॅमेरा सगळ्यात सोपा. कॅमेरा चालू करा, टॉर्च भिंगाच्या अगदी जवळ आणा आणि पडद्यावर बघा. जवळ आणायचं कारण असं, की लख्ख उजेड मिळाला की कॅमेरा आपणहून शटरचा वेळ कमी करतो आणि फडफड पकडली जाते. आडवे काळे पट्टे सरकताना दिसले की समजायचं. पट्टे रुंद आणि गडद असतील तर वेग कमी, बारीक आणि दाट असतील तर जास्त. कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर १/४००० वर ठेवून बघा, लपलेलंही उघडं पडतं. दुकानातल्या ट्यूबलाइटचा घोळ मात्र होऊ देऊ नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि त्यांचेही पट्टे येतात. कोपरा अंधारा बघा किंवा टॉर्च हाताच्या ओंजळीत धरा.

घरी असाल तर छताचा पंखा. खोली अंधारी करा, पंखा पूर्ण वेगात ठेवा आणि खालून मंद उजेड टाका. स्थिर उजेडात पात्यांची एकसंध धुरकट चकती दिसते. फडफड असेल तर पाती सुटी सुटी, जागच्या जागी थबकल्यासारखी दिसतात. हिशेब करून बघा. १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेत असेल तर पात्याचं टोक सेकंदाला बावीसेक मीटर धावतं. टॉर्च २०० हर्ट्झवर फडफडत असेल तर दोन झपक्यांच्या मध्ये ते ११ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. एवढी फट कुणालाही दिसेल. ५००० हर्ट्झवर हीच फट चार-पाच मिलिमीटर उरते आणि पुसून जाते.

पंखा नसेल तर पेन्सिल बोटांत धरून उजेडात भराभर हलवा. जपानी पंख्याच्या काड्यांसारख्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर टॉर्च काउंटरवर परत ठेवा.

ऑनलाइन घेताना तर हे करता येत नाही.

वर्णनात ‘कॉन्स्टंट करंट’ किंवा ‘नो पीडब्ल्यूएम’ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. ‘फ्लिकर-फ्री’ एवढंच लिहिलं असेल तर तो नुसता शब्द आहे, वेगाचा आकडा दिला असेल तरच त्याला वजन. परत करायची मुदत बघून घ्या आणि पहिल्याच संध्याकाळी पंख्याखाली चाचणी करा.

मोड ठरावीक असावेत की उजेड सलग कमीजास्त करता यावा?

बटण दाबून धरलं की उजेड हळूहळू वाढतो, अशा सोयीला रॅम्पिंग म्हणतात. छान वाटते, पण फडफडीशी तिचा काही संबंध नाही. सलग मंद होणारा टॉर्चही पीडब्ल्यूएमवर चालू शकतो. रोजच्या वापराला मला तीन-चार ठरावीक पायऱ्या बऱ्या वाटतात. अंधारात हाताला माहीत असतं की पहिली दाब म्हणजे किती उजेड.

किती लुमेन लागतात?

लुमेन म्हणजे टॉर्च एकूण किती उजेड देतो त्याचं माप. दुकानदार सांगतो त्याच्या दहाव्या हिश्शाने बहुतेक कामं होतात. झोपलेल्या माणसांच्या घरात पाणी प्यायला उठायचं तर एक लुमेन पुरे, अर्धा असेल तर उत्तम. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती कमाई ५० लुमेनच्या एका झपक्यात जाते. खोलीत वावरायला, पुस्तक वाचायला, कुलपाचं भोक शोधायला पाच ते दहा. गल्लीतून चालायला पन्नासेक. रात्रीच्या लाइटीवर पिकाला दारं धरायला जायचं तर दीडशे ते तीनशे हवेत, कारण बांधावर पाऊल टाकण्याआधी पुढचं गवत नीट दिसलं पाहिजे. मण्यार रात्रीच फिरते. तिथे काटकसर नको. गमबूट आणि काठी टॉर्चच्या आधी.

काजवे बघायला जूनमध्ये पुरुषवाडी किंवा भंडारदऱ्याला जाणाऱ्यांनी तर सगळ्यात मंद मोडच घेऊन जावा, तोही जमिनीकडे. काजवे उजेडानेच एकमेकांना साद घालतात, त्यात आपला झोत म्हणजे भजनात डीजे.

खोक्यावरच्या आकड्यांसाठी एफएल१ नावाचं अमेरिकन मानक आहे, २००९ पासूनचं. ते पाळलं असेल तर लुमेन टॉर्च पेटल्यावर ३० सेकंदांनी मोजलेले असतात. ‘इतके तास चालतो’ याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत इतके तास. ३०० लुमेनचा टॉर्च चार तास चालतो म्हणजे चार तास ३०० देतो असं नाही. गरम झाल्यावर तो काही मिनिटांतच उतरतो आणि उरलेला वेळ त्याहून कमीवर काढतो. हात भाजू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं असतं, बिघाड नव्हे.

सेल कोणता असावा?

इथे जरा थांबू या, कारण टॉर्च दोन वर्षांनी ड्रॉवरमध्ये पडतो तो बहुधा सेलमुळेच.

रिमोटचा बारीक सेल, म्हणजे एएए, यावरचा टॉर्च शर्टाच्या खिशात पेनासारखा बसतो. पण चार्ज होणाऱ्या सेलमध्ये जेमतेम ७५०-८०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) असतात, मोठ्या उजेडाची अपेक्षा ठेवू नये. नेहमीचा पेन्सिल सेल, एए, हा माझ्या मते रोजच्या टॉर्चचा खरा सेल. चार्ज होणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड जातीत १९००-२००० एमएएच मिळतात आणि अडीअडचणीला कुठल्याही किराणा दुकानात साधा सेल मिळतो. एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि हा सेल देतो सव्वा, म्हणून ड्रायव्हरला व्होल्टेज वाढवावं लागतं. असे ड्रायव्हर बरेचदा फडफडीच्या बाबतीत चांगले निघतात, तरी चाचणी कराच. हिशेबाने दहा लुमेनवर असा एक सेल वीसेक तास काढतो.

२००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून हे चार्ज होणारे सेल नुसते पडून राहिले तरी चार्ज टिकवतात. त्याआधीचे काही महिन्यांत आपोआप उतरायचे आणि नेमके हवे तेव्हा रिकामे असायचे. ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ असं लिहिलेलेच घ्या.

१८६५० हा लिथियम सेल लॅपटॉपच्या बॅटऱ्यांमधून टॉर्चमध्ये आला. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. ताकद पेन्सिल सेलच्या चार-पाचपट. शेतावर जाणाऱ्याने आणि ट्रेकवाल्याने हाच घ्यावा, फक्त पँटच्या खिशात तो जाणवतो.

१४५०० या सेलपासून सावध राहा. आकार हुबेहूब पेन्सिल सेलचा, पण पूर्ण चार्ज असला की ४.२ व्होल्ट. फक्त एए साठी बनवलेल्या टॉर्चमध्ये घातला तर सर्किट जाऊ शकतं. दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तरच घाला. तो सेल घरात असेल तर मुलांच्या खेळण्यांपासून आणि भिंतीवरच्या घड्याळापासून लांब, वेगळ्या डबीत ठेवा.

साधे अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून विसरू नका. ते पाझरतात, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंग खातं, आणि मग टॉर्चचं झाकणही फिरत नाही.

९९०० एमएएचचा १८६५० मिळतोय, घेऊ?

नको. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतात. जो आवरणावर तिप्पट खोटं लिहितो, त्याच्या सेलमध्ये सुरक्षेचं सर्किट असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

उजेडाचा रंग कोणता घ्यावा?

निळसर पांढरा उजेड दुकानात जास्त वाटतो. पण पावसात आणि धुक्यात तो डोळ्यांवर उलटतो, आणि वाळक्या पानांत बसलेली घोणस आणि वाळकी पानं यात फरक दाखवत नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. ४००० ते ५००० केल्विनच्या मधला रंग घ्या. त्याबरोबर सीआरआय बघा, म्हणजे वस्तूंचे खरे रंग किती नीट दिसतात त्याचा आकडा. ७० म्हणजे चालेल, ९० च्या वर म्हणजे चांगला. निचिया या जपानी कंपनीची ५१९ए ही एलईडी टॉर्चच्या नादिष्टांमध्ये याच कारणाने लाडकी आहे. वायरिंगमध्ये लाल आणि तपकिरी वायर वेगळी ओळखायची असेल किंवा मुलाच्या अंगावरचं पुरळ बघायचं असेल तेव्हा तिची किंमत कळते.

बटण मागे असावं की बाजूला?

हाताला आवडेल ते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिली दाब मंद उजेडाची असावी, आणि पोलिसी झपकारा मारणारा स्ट्रोब नेहमीच्या मोडच्या रांगेत नसावा. ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ आणि मग अचानक स्ट्रोब, असा क्रम असलेला टॉर्च मी फुकट मिळाला तरी घेणार नाही. रात्री तीन वाजता झोपलेल्या बाळाच्या खोलीत तो एकदा लागला की कळेल.

खिशात आपोआप पेटतो, काय करू?

मागचं झाकण पाव फेरा सैल करा. आट्यांवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे वीज न वाहणारा रंगीत थर असेल तर तेवढ्याने वीज तुटते. आटे चकचकीत उघडे असतील तर मात्र हा उपाय चालत नाही. मग बटणाचा लॉक आहे का बघा.

पावसाळ्यात टिकेल का?

खोक्यावर पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला असतो. आयपीएक्स४ म्हणजे उडत्या पाण्यापुरता. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कोकणातल्या पावसाला मी आयपीएक्स७ च्या खाली जात नाही. झाकणातल्या रबरी रिंगला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. खोबरेल तेल लावू नका.

टाइप-सीने चार्ज होत नाही. बिघडला का?

आधी केबल बदलून बघा. स्वस्त टॉर्चमध्ये दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल चालत नाही. जुन्या चौकोनी पिनच्या चार्जरची केबल लावली की गपचूप चार्ज होतो.

विमानात नेता येतो?

सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच, टोकं झाकलेल्या डबीत. चेक-इनच्या बॅगेत टाकायचे नाहीत.

आई-बाबांसाठी कोणता?

एक बटण, दोनच उजेड, पेन्सिल सेल. रोज उशाशी एकाच जागी ठेवायचा आणि मागच्या टोकावर उभा राहणारा घ्यायचा, म्हणजे छताकडे तोंड करून ठेवला की अख्ख्या खोलीत मऊ उजेड पसरतो. माझ्या आईला मी आधी सात मोडचा दिला होता. तिने तो कपाटात ठेवला आणि देवघरातली काडेपेटीच वापरत राहिली.

एकच नाव सांगा ना.

सांगितलं असतं. पण त्याच नावाखाली, त्याच खोक्यात कंपन्या आतला ड्रायव्हर बदलतात. गेल्या वर्षीचा स्थिर टॉर्च यंदा फडफडतो. त्यामुळे नावापेक्षा मागणी पाठ करा: एए किंवा १८६५० सेल, कॉन्स्टंट करंट, पहिली दाब एक ते दहा लुमेनच्या मध्ये, ९० च्या वर सीआरआय, आयपीएक्स७ आणि खिशाला अडकवायची क्लिप. यातलं एक सोडावं लागलं तर सीआरआय सोडा. ‘लो’चा स्थिरपणा सोडू नका.

आधीचा फडफडणारा टॉर्च टाकून देऊ का?

कशाला? ‘हाय’वर तो बहुधा ठीकच असतो. गाडीच्या डिकीत ठेवा, पण अल्कलाइन सेल बाहेर काढून. हातपंपावर मणी दाखवणारा माझा टॉर्च आता पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलाय. शेजारचा पोरगा अधूनमधून तो काढून नेतो आणि पंख्याखाली मंद लावून पाती थांबवून दाखवतो. त्याच्या मित्रांना वाटतं, पंखा जादूचा आहे.